पिवळ्या-निळ्याच्या मधे

ऑक्टोबरातला शनिवार. न्यू हॅम्पशायरमध्ये कँकामॉगस हायवेच्या कडेला पॅड मांडून बसलोय. समोर बर्चची झाडं पिवळीधम्मक, मागे स्वच्छ निळं आभाळ. बघायला मस्त, जलरंगात वैताग! ओल्या पिवळ्याला निळा टेकला रे टेकला की हिरवा, म्हणजे इथल्या फॉलचा थेट आपला श्रावण. पुण्याच्या उन्हात वॉश चटकन सुकायचा. इथल्या गारठ्यात सुकतच नाही, आणि ऊन चाललंय डोंगराआड.

फोटो बघून घरी रंगवता येईल की. पण बाबांनी फोनवर बजावलंय, "तिथेच बसून काढ." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना निळा म्हणे नव्यानं दिसतोय. तो मळवायचा नाहीये. म्हणून दोन्ही रंगांच्या मधे कोऱ्या कागदाची बारीक रेघ सोडत चाललोय... बोटं पार बधिर.