शाळेचा जमाखर्च

घरची जमाखर्चाची वही आपण महिनाअखेरीस उघडतो. वाणसामान, दूध, घरभाडे, औषधपाणी यांची बेरीज मांडतो आणि उरलेल्या चार पैशांत काय बसवावे, काय पुढल्या महिन्यावर ढकलावे, याचा विचार घरातली मोठी माणसे मिळून करतात. पण वाचकहो, आपली मुले दिवसाचे पाच-सहा तास ज्या दुसऱ्या घरात काढतात, त्या घराची वही आपण कधी पाहिली आहे काय? शाळेलाही वही असते. तीतही जमा असते, खर्च असतो आणि वर्षअखेरीची ओढाताण असते. माझी सारी नोकरी एका जिल्हा परिषदेच्या हिशेबखात्यात गेली. शेकडो गावांच्या शाळांचे हिशेब माझ्या टेबलावरून गेले. त्यांवरून मला जे उमगले, ते आपणांस सांगावे एवढाच या लेखाचा हेतू.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि जिल्ह्यातील प्राथमिक शाळांचा संसार त्यांच्याकडे आला. संसार मोठा, परंतु मिळकत मात्र बहुतांशी दुसऱ्याची. शिक्षकांचे पगार राज्य शासनाच्या अनुदानातून होतात. जिल्हा परिषद ते वाटते, ठरवत नाही. दुसरा ओघ येतो तो २०१८ साली सुरू झालेल्या ‘समग्र शिक्षा’ या योजनेतून. तिचा भार बहुतेक राज्यांत केंद्राने ६० टक्के व राज्याने ४० टक्के उचलावयाचा असतो. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांसाठी हेच प्रमाण ९० व १० असे आहे. यांपैकी एकाचा हप्ता अडला की दुसऱ्याचा थांबतो आणि दोघांच्या मध्ये शाळा उभी राहते.

तिसरा ओघ परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. जमीनमहसुलावरील उपकर, मुद्रांकशुल्कातील वाटा, ठेवींवरचे व्याज, गाळ्यांचे भाडे, असा हा किरकोळ गल्ला. त्यातूनही २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. ते योग्यच आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण उरलेल्या रकमेवर रस्ते, दवाखाने, जनावरांचे दवाखाने आणि शाळा या सर्वांचाच डोळा असतो. अंदाजपत्रकाच्या सभेत प्रत्येक सभासद आपल्या गटातील पडक्या वर्गखोलीचे नाव घेतो. शेवटी ज्या खोलीचे छप्पर कोसळण्याच्या बेतात आहे, तिची पाळी येते. ज्या खोलीचे नुसते गळते, तिला पुढल्या वर्षाचे आश्वासन मिळते.

आता प्रत्यक्ष शाळेच्या हाती काय पडते, ते पाहू. खडू, कागद, वीजबिल, पाणी, खेळाचे साहित्य, किरकोळ डागडुजी या सर्वांसाठी मिळून ‘संयुक्त शाळा अनुदान’ असते आणि त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावा लागतो. २०२१-२२ पासूनच्या आराखड्यात या अनुदानाचे दर पटसंख्येवर बांधले गेले. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, एकतीस ते शंभर पटाला २५,०००, त्यापुढे अडीचशेपर्यंत ५०,००० आणि अशीच चढती श्रेणी.

हा हिशेब जरा सावकाश वाचावा. एकतीस मुलांच्या शाळेतून एक मूल मावशीच्या गावी शिकावयास गेले, तर शाळेचे १५,००० रुपये त्याच्याबरोबर जातात. उरलेल्या १०,००० रुपयांचे महिन्याला ८३३ रुपये होतात. पण छप्पर पट मोजून गळत नाही. वीजबिल, झाडू, पाण्याच्या टाकीची तोटी यांना शाळेत तीस मुले आहेत की एकतीस, हे ठाऊक नसते. मोठ्या शाळेचा खर्च अनेक मुलांवर वाटला जातो, लहान शाळेचा वाटला जात नाही. डोंगरातल्या वाडीची, तांड्याची, पाड्याची शाळा याच कारणाने आधी गरीब होते, मग गरीब दिसते, आणि गरीब दिसते म्हणून तिचा पट आणखी घटतो. पुढे एखाद्या वर्षी कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार निघतो आणि तिचे नाव यादीत येते. मुले इतकी थोडी का झाली, हा प्रश्न त्या यादीत नसतो.

दुसरी अडचण वेळेची. मुलांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, पैशाचे वर्ष एप्रिलमध्ये. छप्पर शाकारावयाचे ते मे महिन्यात, आणि अनुदान हाती येते ते पुष्कळदा हिवाळा सरल्यावर. २०२१ पासून केंद्रीय योजनांचा पैसा राज्याच्या एकाच खात्यात ठेवून शाळेला केवळ खर्चाची मर्यादा कळविण्याची पद्धत आली. पैसा ठिकठिकाणी पडून राहू नये, हा तिचा हेतू चांगला आहे. परंतु मर्यादा उशिरा आली आणि ३१ मार्च जवळ आला, म्हणजे मुख्याध्यापकांना गरजेची वस्तू नव्हे, तर लवकर मिळणारी वस्तू घ्यावी लागते. मार्चच्या अखेरच्या आठवड्यातील पावत्या मी वर्षानुवर्षे तपासल्या. त्यांत कपाटे पुष्कळ असत, कौले क्वचित.

याच कामानिमित्त एकदा मी एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत गेलो होतो. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक चालू होती. मुख्याध्यापक खर्चाचा तपशील भराभर वाचून सह्या घेत होते. त्यात लबाडी नव्हती, घाई होती. एक बाई बोटाने ओळी मोजीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “गुरुजी, जरा थांबा. गेल्या साली रंगाला किती गेले आणि औंदा किती, ते पुन्हा वाचा की.” गुरुजींनी वाचले. दोन्ही वर्षी भिंतींना रंग लागला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, “भिंत रंगवून पाऊस थांबत नाही. पोरं पावसाळ्यात एका कोपऱ्यात बसतात. आधी वरचं बघा.” बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग गुरुजींनीच पुढल्या वर्षाच्या आराखड्यात पहिली ओळ कौलांची लिहिली. सगळी कौले त्या पैशात होणे शक्य नव्हते. एका खोलीची झाली. दुसऱ्या खोलीसाठी समितीचा ठराव परिषदेकडे आला आणि तो माझ्याच टेबलावर बराच काळ राहिला, कारण त्या सदराखाली रक्कम शिल्लक नव्हती. बाईंनी विचारले म्हणून सारे सुधारले, असे मी म्हणणार नाही. पण काय सुधारावयाचे राहिले आहे, ते त्या दिवसापासून कागदावर आले.

कागदावर येण्याला मोल आहे, आणि ते कायद्याने दिलेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात. मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे, हे समितीचे काम म्हणून सांगितले आहे. तिने शाळा विकास आराखडा करावा आणि शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या योजना व अनुदाने त्याच आराखड्याच्या पायावर उभी राहावीत, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे ज्या गरजेची नोंद आराखड्यात नाही, तिच्यासाठी मागावयास आधारच उरत नाही. कर्नाटकात याच प्रकारच्या समितीचे नाव निराळे आहे, इतर राज्यांतही निराळे असेल, पण हक्क तोच आहे.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. गावाने वर्गणी करून शाळा सावरावी, ही आपल्याकडील जुनी व गोड परंपरा आहे. तत्कालीन मद्रास राज्यात के. कामराज मुख्यमंत्री असताना १९५८ पासून शाळा सुधार परिषदा भरू लागल्या आणि गावोगावच्या लोकांनी शाळांना बाके, भांडी, इमारती दिल्या. पण वर्गणी ही सुखवस्तू गावात सहज जमते. जेथे हातावर पोट आहे, तेथे ती मागणेही जड जाते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते. सरकारी महसूल रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पालकांचे औदार्य हे सार्वजनिक तिजोरीला मिळालेली सुट्टी ठरू नये. केरळने १९९६ च्या जनयोजनेत राज्याच्या योजनाखर्चापैकी सुमारे ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे ठरविले. काम खाली द्यावयाचे, तर पैसाही खाली द्यावा, हे सरळ तत्त्व त्यामागे होते.

तेव्हा वाचकहो, आपल्या मुलाची शाळा सरकारी असो वा पालिकेची, तिचा जमाखर्च एकदा मागून वाचावा. तीन गोष्टी विचाराव्यात. यंदा किती रक्कम मंजूर झाली? ती कोणत्या महिन्यात हाती आली? कशावर खर्च झाली? हे विचारणे म्हणजे गुरुजींवर अविश्वास नव्हे. बहुतेक मुख्याध्यापकांना असा प्रश्न विचारणारे कोणी हवेच असते, कारण वरच्या कार्यालयात एकट्या मुख्याध्यापकाच्या पत्राहून पालकांच्या ठरावाला अधिक वजन असते. आणि हे सारे मार्चमध्ये विचारू नये. आराखडा लिहिला जातो, तेव्हा म्हणजे दिवाळीनंतर, डिसेंबर सरण्यापूर्वी विचारावे. मार्चमध्ये विचारलेल्या प्रश्नाला फक्त पावती मिळते, डिसेंबरमध्ये विचारलेल्याला कधीकधी कौले मिळतात.