ग्लोव्हज घातले नव्हते का?

वॉर्डातल्या मावशीला किंवा मामाला सुई टोचली, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: "ग्लोव्हज घातले नव्हते का?" वरिष्ठ सिस्टरांकडून तो ऐकत मी मोठी झाले आणि इन्चार्ज झाल्यावर तोच माझ्या तोंडी आला. त्यामागे एक पक्की समजूत होती. नर्सला सुई टोचते ती कामाच्या घाईत, सफाई कामगाराला टोचते ती निष्काळजीपणामुळे. "हे लोक ऐकतच नाहीत," असं मी मीटिंगमध्ये अनेकदा म्हटलं आहे. तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही खोलीत नसे.

हिपॅटायटिस बी लशीचे माझे तीन डोस नर्सिंग शिकतानाच झाले होते. मावश्या कंत्राटदाराकडून येत. त्यांचे डोस झालेत का, हे विचारायचं मला सुचलंही नाही. कंत्राटदार म्हणे, ते रुग्णालयाचं काम. ऑफिस म्हणे, कंत्राटदाराचं. वास्तविक २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हा घोळ नाहीच. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, रुजू होताना आणि पुढे दरवर्षी प्रशिक्षण, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, ही सगळी जबाबदारी कचरा जिथे तयार होतो त्या संस्थेच्या प्रमुखाची. आमच्या भिंतीवर यातलं काही नव्हतं. तिथे पिवळी, लाल, पांढरी, निळी असा रंगांचा तक्ता होता आणि त्यावरून मी मावश्यांना प्रश्न विचारत असे.

एकदा ड्युटी संपता संपता आमच्या वॉर्डातली एक मावशी आली. "सिस्टर, टीटीचं इंजेक्शन देता का? खिळा लागलाय." मी तळहात पाहिला. बारीक लाल ठिपका, भोवती थोडी सूज. खिळ्याची जखम अशी नसते. थोडं खोदून विचारल्यावर कळलं की सकाळी पिवळी पिशवी बांधताना आतून सुई लागली होती. तिने हात पदराला पुसला आणि पुढचा सगळा दिवस काम केलं.

"मावशी, तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही रागावला असता. आणि सुपरवायझरनं उद्यापासून येऊ नको म्हटलं असतं. ग्लोव्हज घातले होते हो सिस्टर, खरंच घातले होते."

मी ग्लोव्हजबद्दल अजून काही विचारलंही नव्हतं. तिने उत्तर आधीच तयार ठेवलं होतं. एचआयव्हीला रोखणारी औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, हे मी विद्यार्थिनींना शिकवत होते. आणि माझ्याच वॉर्डातल्या बाईने ते मोलाचे तास माझ्या एका प्रश्नाच्या भीतीने घालवले होते.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, सुई कोणत्या पेशंटची? आम्हाला खाटेशी सुई टोचली तर पेशंट समोर असतो, त्याचं रक्त तपासता येतं. पिशवीत मात्र सगळ्या वॉर्डाचं रक्त असतं. दूषित सुईतून एचआयव्ही होण्याचा धोका हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्या माणसाला शंभरात सहापासून तीसपर्यंत. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो. म्हणजे सर्वांत मोठा धोका ज्याचा, त्याच्यावर लस होती, ती माझ्या दंडात होती आणि तिच्या नव्हती.

घटनेचा अर्ज मीच भरायला घेतला. त्यात 'घटनाक्रम' असा रकाना होता. "पिशवी बांधताना सुई टोचली" एवढं लिहून मी थांबले. पिशवी तीन चतुर्थांश भरली की बदलायची असते, ही काठोकाठ भरलेली होती, म्हणून तिला ती दाबावी लागली. ती बदलायला सांगायचं काम आमचं. पिवळ्या पिशवीत रक्ताचा कापूस आणि गॉझ जातो, सुई जात नाही. ती सलाइन लावून झाल्यावर किडनी ट्रेमध्ये गॉझखाली राहिली आणि ट्रे तसाच रिकामा झाला. सुयांचा पांढरा डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होता, तोही गच्च भरलेला. नवा मागवायची सही माझी. आणि तिच्या हातातले ग्लोव्हज तपासणीचे, पातळ, सुईला अडवणं त्यांना शक्यच नव्हतं. जाड रबरी ग्लोव्हज कधी मागवलेच गेले नव्हते. मागे मागे जात मी नर्सिंग स्टेशनपर्यंत, माझ्या खुर्चीपर्यंत आले. सांगितलेलं सगळं पाळणारी त्या रकान्यात ती एकटीच होती. इतकी वर्षं मी निष्काळजी म्हणत होते ते तिला, आणि निष्काळजीपणा माझा होता.

तिचे सगळे रिपोर्ट शेवटपर्यंत निगेटिव्ह आले. ते तिचं नशीब, त्याचं श्रेय आम्हाला नाही.

आता पांढरा डबा ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर असतो आणि जो सुई वापरतो तोच ती तिथे टाकतो. कोणाला टोचली तर मी आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवायला लावते, बोट दाबून रक्त काढू देत नाही आणि लगेच कॅज्युअल्टीत नेते. ग्लोव्हजचं विचारत नाही. नोंदवहीत नोंदी वाढल्या तेव्हा ऑफिसने मला बोलावून जाब विचारला. मी म्हटलं, वाढू देत. पूर्वीही सुया टोचतच होत्या, मावश्या त्यांना खिळे म्हणत होत्या.

अडचण उरली आहे ती तिसऱ्या डोसची. पहिल्यानंतर महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि तोवर कंत्राट बदलून माणसं निघून जातात. म्हणून लशीचं कार्ड आता कंत्राटदाराच्या फायलीत न राहता कामगाराच्या हाती असतं. काम सोडून गेलेल्यांना मी फोन करते. काही येतात, काहींना मजुरी बुडवून येणं परवडत नाही. त्यांना संध्याकाळी उशिरा, कामावरून सुटल्यावर, आमच्याच फ्रिजमधला डोस द्यायचा, हे ऑफिसने बऱ्याच वादानंतर मान्य केलं आहे.