चालू सेशनला धक्का न लावता

बँकेचा मुख्य डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला त्या डेटाबेसचा पासवर्ड ठाऊक नसतो, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर पटत नाही. पण ज्या संस्थांनी प्रिव्हिलेज्ड अॅक्सेस मॅनेजमेंट, रोजच्या बोलण्यात ‘पॅम’, बसवलं आहे तिथे हेच चालतं. हा माणूस, म्हणजे डीबीए, आपल्या लॅपटॉपवरून पोर्टलवर येतो, ‘कनेक्ट’ दाबतो आणि थेट डेटाबेसवर न जाता मधल्या एका विंडोज सर्व्हरवर उतरतो. तो सर्व्हर पासवर्डांच्या तिजोरीतून, म्हणजे व्हॉल्टमधून, पासवर्ड आणतो, डीबीएच्या वतीने लॉगिन करतो आणि पडद्यावर जे जे घडेल त्याचं रेकॉर्डिंग सुरू करतो. १९९९ साली इस्रायलमध्ये सुरू झालेली सायबरआर्क ही कंपनी या मधल्या सर्व्हरला प्रिव्हिलेज्ड सेशन मॅनेजर म्हणते. टीममधली माणसं नुसतं पीएसएम म्हणतात.

असा एकच सर्व्हर असेल तर तो बसला की सगळ्यांचं काम बसतं. म्हणून तीन-चार ठेवायचे आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर लावायचा. हिंजवडीतल्या एका सपोर्ट सेंटरमध्ये हे लावणं, निगा राखणं आणि रात्री-बेरात्री त्यासाठी फोन घेणं ज्या इंजिनियरकडे आहे, तिला नवीन मुलं पहिला प्रश्न एकच विचारतात: “मॅडम, वेबसाइटला लावतो तसंच ना? फक्त ४४३ च्या जागी ३३८९?”

वेबसाइटचं गिऱ्हाईक पान मागतं आणि निघून जातं. पुढचं पान दुसऱ्या सर्व्हरने दिलं तरी बहुतेकदा त्याला पत्ता लागत नाही. सेशन सर्व्हरवरचा माणूस पुण्यातल्या अभ्यासिकेत पुस्तकं पसरून बसलेल्या मुलासारखा असतो: एकदा बसला की तास न् तास उठत नाही आणि मध्येच त्याला दुसऱ्या खोलीत हलवता येत नाही. सर्व्हर कोसळला तर त्यावरची सेशनं कोसळतात. बॅलन्सर त्यांना उचलून शेजारी नेत नाही, फक्त नव्या येणाऱ्यांना दुसरीकडे पाठवतो. एवढं लक्षात आलं की उरलेल्या सेटिंग्जकडे बघायची नजर बदलते.

पहिली सेटिंग वाटपाची. राउंड रॉबिन म्हणजे पाळीपाळीने. पण कुणी पाच मिनिटांत उठतं, कुणी पूर्ण शिफ्ट बसतं, त्यामुळे दुपारपर्यंत एका सर्व्हरवर गर्दी आणि दुसरा मोकळा असं होऊ शकतं. म्हणून लांब चालणाऱ्या सेशनसाठी ‘लीस्ट कनेक्शन’ निवडतात, ज्याच्यावर सध्या सगळ्यांत कमी माणसं त्याच्याकडे नवा माणूस. ऐकायला हे अगदी न्याय्य आहे आणि त्यातच खोच आहे. एखाद्या सर्व्हरचं काही बिघडलं आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला क्षणात नकार देऊ लागला, तर त्याच्यावरची संख्या कायम शून्याच्या आसपास राहते. बॅलन्सरला तो सगळ्यांत मोकळा दिसतो आणि पूलमधले बाकीचे सर्व्हर ठणठणीत असताना येणारा प्रत्येक माणूस त्या एकाच बंद दारावर जाऊन आपटतो. रिमोट डेस्कटॉपच्या धंद्यात याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात.

नुकताच रीस्टार्ट झालेला सर्व्हर हे त्याचंच धाकटं रूप. विंडोजवर सगळ्यांत महाग असतो तो लॉगिनचा क्षण: प्रोफाइल तयार होणं, पॉलिसी लागू होणं, रेकॉर्डिंग सुरू होणं. संख्या शून्य म्हणून शिफ्टची सगळी गर्दी एकदम त्याच्याच अंगावर गेली तर तो उभा राहता राहताच धापा टाकतो. यावर ‘स्लो स्टार्ट’ नावाची सोय असते. नव्याने आलेल्या सर्व्हरला पहिली काही मिनिटं बेताबेतानेच माणसं द्यायची.

ब्लॅक होल टाळायचं तर सर्व्हर बरा आहे की नाही हे बॅलन्सरला खरंखुरं कळायला हवं. साधा हेल्थ चेक एवढंच पाहतो की रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे आरडीपीचं, पोर्ट ३३८९ उघडं आहे का. पण व्हॉल्टशी संपर्क तुटलेला असला तरी ते पोर्ट उघडंच असतं. सेशनची रेकॉर्डिंग आधी लोकल डिस्कवर साठतात आणि नंतर व्हॉल्टकडे जातात. ते जाणं अडलं आणि डिस्क भरली, तरी पोर्ट उघडंच. म्हणून हिंजवडीतल्या त्या इंजिनियरकडे प्रत्येक सर्व्हरला आतून विचारणारी तपासणी आहे: सेवा चालू आहे ना, व्हॉल्ट दिसतं आहे ना, डिस्कवर जागा आहे ना. सगळं ठीक असेल तर २००, नसेल तर ५०३. अशी तपासणी काही उत्पादनं स्वतःच पुरवतात, पीएसएमलाही ती आहे. तरीही डीफॉल्ट म्हणून नुसतं पोर्ट पाहणाऱ्या टीसीपी चेकवर चाललेले पूल तिला दरवेळी भेटतात, कारण डॅशबोर्डवर तेही हिरवेच दिसतात.

त्यानंतर चिकटवण्याचा प्रश्न. नेटवर्क क्षणभर तुटलं तर माणूस परत आपल्याच सर्व्हरवर यायला हवा, नाहीतर अर्धवट सेशन एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. सोपा उपाय म्हणजे सोर्स आयपीवरून ओळख ठेवणं. पण सपोर्ट सेंटरची अख्खी इमारत एक-दोन नॅट पत्त्यांमागून बाहेर पडते. बॅलन्सरच्या लेखी ती शेकडो माणसं म्हणजे एकच माणूस, आणि ती सगळी एकाच सर्व्हरवर जाऊन बसतात. ब्राउझरमधून सेशन उघडणारा एचटीएमएल५ गेटवे मध्ये असेल तर आणखीच सोपं: सगळ्यांचा पत्ता तो गेटवेच.

मग कुणीतरी आरडीपी कुकी सुचवतं. विंडोजचा क्लायंट पहिल्याच पॅकेटमध्ये ‘एमएसटीएसहॅश’ या नावाखाली युजरनेम पाठवतो. एफ५ आणि एचएप्रॉक्सी या दोन्ही बॅलन्सरना ते वाचता येतं. यातली गंमत पॅकेट उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. ते नाव नऊ अक्षरांवर कापलं जातं. इंटरनेटला उघड्या असलेल्या कुठल्याही सर्व्हरचे लॉग चाळले तर ‘अॅडमिनिस्ट्र’ असं तुटलेलं नाव सापडतं. शेवटचं ‘ेटर’ कधी पोचतच नाही. आता समजा लॉगिन ‘डोमेन, मग युजर’ अशा पद्धतीने होतं आणि डोमेनचं नाव ‘महाराष्ट्र’ आहे, रोमन लिपीत ११ अक्षरं. जोशी, शेख, डिसूझा, कुणीही येवो, कुकीत पोचतात ती डोमेनचीच पहिली नऊ अक्षरं. त्यामुळे पुन्हा सगळे एकाच सर्व्हरवर. सगळ्यांचा प्रवेश एकाच सामायिक खात्याने होत असेल तरी हेच. त्यामुळे नवीन पूल लावला की ती आधी पॅकेट उघडून दाखवणारं वायरशार्क सुरू करते, दोन वेगवेगळ्या माणसांना कनेक्ट करायला सांगते आणि दोघांच्या कुकी शेजारी ठेवून बघते. डिझाइनच्या कागदावर हा प्रश्न कधीच दिसत नाही.

चिकटवण्याचा आणखी एक दुष्परिणाम हेल्पडेस्कला ठाऊक असतो. चारपैकी एका सर्व्हरवर ब्राउझरची आवृत्ती वेगळी राहिली, तर तिथे चिकटलेल्या माणसाचं वेब कन्सोल कधीच उघडत नाही आणि शेजारच्या खुर्चीवरच्याचं दरवेळी उघडतं. “माझ्याकडे चालतंय की!” हे वाक्य ऐकलं की ती सगळ्यांत आधी विचारते, कुठल्या नोडवर आहात?

आयडल टाइमआउटकडे तर कुणाचं लक्षच नसतं. एफ५ च्या टीसीपी प्रोफाइलमध्ये डीफॉल्ट ३०० सेकंद, अॅझ्युरच्या लोड बॅलन्सरवर ४ मिनिटं, एडब्ल्यूएसच्या नेटवर्क लोड बॅलन्सरवर ३५० सेकंद. वेबसाठी हे पुष्कळ झालं. पण मोठी क्वेरी सोडून डीबीए पडद्याकडे बघत बसला, पडदा हलला नाही, कीप-अलाइव्हही चालू नसला, तर तेवढ्या वेळात जोडणी कापली जाते. सेशन किती वेळ निष्क्रिय ठेवायचं हा सुरक्षेचा निर्णय आहे. तो पॅममध्ये लिहून ठेवलेला असावा. बॅलन्सरने परस्पर घेऊ नये.

ऑडिटर आले की वेगळाच मुद्दा निघतो. बॅलन्सर सोर्स नॅट करत असेल तर सेशन सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक माणसाचा पत्ता बॅलन्सरचाच उमटतो. वेबमध्ये खरा पत्ता हेडरमधून पुढे पाठवता येतो, आरडीपीत ती सोय नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवाव्या लागतात आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवावी लागतात. सहा तासांच्या घाईत ‘कोण, कुठून आलं’ याचं उत्तर ‘बॅलन्सरकडून’ असं देता येत नाही. म्हणून ती परतीची वाट बॅलन्सरमधूनच काढते, म्हणजे नॅट लागत नाही आणि मूळ पत्ता शाबूत राहतो. ते जमत नसेल तर पोर्टल, बॅलन्सर आणि सर्व्हर या तिघांचे लॉग जुळवता यावेत म्हणून घड्याळं सेकंदापर्यंत जुळतात का ते तपासते.

तिचं खरं कसब मात्र सर्व्हर रिकामा करताना दिसतं. पॅच लावायचा तर माणसं उठवल्याशिवाय सर्व्हर रिकामा हवा. विंडोजमध्ये ‘चेंज लॉगऑन’ या कमांडला ‘ड्रेन’ हा स्विच आहे. नवं लॉगिन बंद, जुन्या सेशनवर परत यायला मुभा. पण नुसतं तेवढंच केलं तर ३३८९ उघडंच राहतं, साधा हेल्थ चेक खूश असतो आणि नकार मिळणाऱ्यांची रांग लागते. ब्लॅक होल, तेही स्वतःच्या हाताने केलेला. म्हणून आधी बॅलन्सर, मग विंडोज. बॅलन्सरवरही शब्द नीट वाचावे लागतात. एफ५ मध्ये ‘डिसेबल्ड’ केलेल्या सर्व्हरवर चिकटलेली माणसं नव्याने येतच राहतात. ‘फोर्स्ड ऑफलाइन’ केलं तरच फक्त चालू जोडण्या उरतात. एचएप्रॉक्सीचं ‘ड्रेन’ही चिकटलेल्यांना आत घेतं. संध्याकाळी डिसेबल करून गेलेल्या माणसाला सकाळी सर्व्हर तसाच भरलेला दिसतो, त्यामागे हे असतं.

शेवटची दोन-तीन सेशनं फोनवरच सुटतात.

“दादा, तुमचं सेशन अजून चालू दिसतंय. किती वेळ लागेल?”

“इंडेक्स बिल्ड चाललंय ताई, तासभर तरी. कापू नका हं!”

मग ती थांबते. मेन्टेनन्स विंडो अर्ध्यावर आली तरी थांबते, कारण दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी बँकेचा डेटाबेस अर्धवट अवस्थेत असतो.

एकेक सर्व्हर सांभाळता येतो, पण सगळे एकदम गेले तर? १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, भारतीय वेळेनुसार, क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीने आपल्या एजंटसाठी एक सदोष फाइल सोडली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बंद पडलेली यंत्रं सोडवायला अॅडमिन लागतात, आणि त्यांची वाट ज्या सेशन सर्व्हरमधून जाते त्यांवरही तोच एजंट असेल, तर पूलमधले सगळे नोड एकाच वेळी लाल. चार काय, चाळीस असते तरी लालच. एजंटची एक पायरी जुनी आवृत्ती ठेवणाऱ्यांनाही त्यातून सुटका नव्हती, कारण ती फाइल आवृत्तीच्या धोरणाबाहेरून येत होती. तेव्हापासून तिच्या डिझाइनमध्ये लिनक्सवर चालणारा एक एसएसएच प्रॉक्सी वेगळा असतो, आणि ब्रेक-ग्लास, म्हणजे आणीबाणीच्या, खात्यांची तालीम कागदावर न करता खरोखर लॉगिन करून होते.

बजेटच्या बैठकीत ती एकच हिशेब मांडते. गर्दीच्या वेळी १२० सेशनं, एका सर्व्हरला सुखाने झेपतात ४०. तीन सर्व्हरमध्ये भागतं, पण एक पडला की उरलेल्या दोघांवर ६०-६०. चार असतील तर एक पडला तरी ४०-४०. एक पॅचसाठी बाहेर आणि त्याच वेळी दुसरा पडला, तर चारातही ६०-६० वर येतं, त्यासाठी पाचवा. “म्हणजे एरवी दोन सर्व्हर रिकामेच बसणार?” समोरून प्रश्न येतो. रिकामे बसत नाहीत, पाचहीजण २४-२४ सेशनं वाटून घेतात, असं ती सांगते. चौथ्याला तिथल्या तिथे मंजुरी मिळाली. पाचव्याचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.