राखणदार



देह हे भाड्याचे घर आणि घर ही दोन दिवसांची धर्मशाळा, असे मी पन्नास वर्षे कीर्तनातून सांगत आलो. त्या माझेच मन मागच्या उन्हाळ्यात एका परक्या उंबऱ्याशी अडकले. त्याची ही कबुली.

धाकटा मुलगा इंग्लंडात नोकरीला आहे. त्याला घर घ्यायचे होते, म्हणून सफक परगण्यात लॅव्हनमच्या आसपासच्या खेड्यांतून आम्ही विकाऊ घरे पाहत हिंडलो. लॅव्हनम एके काळी लोकरीच्या कापडावर श्रीमंत झाले. पुढे तो धंदा बसला, नवे बांधायला पैसा उरला नाही, म्हणून लाकडी सांगाड्याची जुनी घरे तशीच राहिली. गरिबीने राखली म्हणा ना!

तिकडे कित्येक घरांना नंबर नसतो, नाव असते : जुनी शाळा, जुना लोहारवाडा. दार इतके ठेंगणे की वाकूनच आत जावे. तुळयांवर सुताराच्या हत्याराचे घाव अजून दिसतात. एका घरात मालकीणबाईंनी भिंतीचा एक तुकडा उघडा ठेवला होता. आत काठ्यांची वीण आणि तिच्यावर थापलेली माती, पेंढा, शेण. माउली, तो आपला कूडच की हो! मी हात ठेवला आणि काढवेना.

बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षे राहिले, पण मी मालकीण नव्हे. पुढच्याच्या हाती देईपर्यंतची राखणदार."

तिथे कायदाही तसाच आहे. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून जुन्या घरांची यादी ठेवतात. यादीतल्या घराचे रूप पालटेल असा बदल परवानगीशिवाय केला, तर तो गुन्हा ठरतो. गवती छपराचे आढे दहा-पंधरा वर्षांनी नव्याने शाकारावे लागते. असे घर घेणे म्हणजे सेवाच पत्करणे.

परतताना माझे डोळे भरून आले. आमचे माळवदाचे घर १९८९ साली मी पाडले. आषाढात त्याच्या ओसरीवर दिंडी उतरायची. सागवानी खांब लाकडाच्या भावाने विकले आणि स्लॅब टाकला. वडील एक शब्द बोलले नाहीत. खांब गाडीत चढवण्याआधी त्यांनी एकाला हात लावून नमस्कार केला, एवढेच. कीर्तनकाराच्या बापाला एवढा मोह, असे तेव्हा माझ्या मनात आले. तो मोह नव्हता, माउली. ज्याने चार पिढ्यांची डोकी पावसात झाकली, त्याचे ते ऋण होते. आणि माझे ज्याला मी वैराग्य म्हणत होतो, ती निव्वळ बेपर्वाई होती. सोडणे आणि टाकून देणे यांतला भेद मला सत्तरी उलटल्यावर कळला.

मुलाने ते घर घेतले नाही. डागडुजीचा खर्च झेपणारा नव्हता. मी मात्र गावी आल्यावर चौकशी केली. आमचा एक खांब शेजारगावच्या गोठ्यात अजून उभा आहे म्हणतात. एकादशी झाली की जाणार आहे. मागायला नाही, नमस्कार करायला.