कातडे तेच, मग विटाळ कुठला?

अमेरिकेत परवाना काढून हंगामात हरणाची शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे. तिकडचे काही शिकारी हरणाचे कातडे घरच्या घरी कमावतात. नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या एका धम्मबंधूने शेजाऱ्याच्या अंगणात हे काम पाहिले आणि सुटीत आल्यावर आम्हाला सविस्तर सांगितले.

कातडे गुळगुळीत ओंडक्यावर पसरून आतल्या बाजूचे मांस व चरबी खरडून काढतात. मांस राहिले तर तेथे कातडे सडते. मग ते चुन्याच्या किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात काही दिवस बुडवतात. त्या क्षाराने केसांची मुळे सैल होतात. चिमटीत धरलेला केस सहज निघाला की कातडे पुन्हा ओंडक्यावर घालून बोथट सुरीने खरडतात. घाई केली तर केस तुटून मूळ आत राहते. फार दिवस ठेवले तर कातडेच कमजोर होते. हा अंदाज हाताला यावा लागतो.

आपल्याकडे ढोर समाजाने गाई-म्हशींच्या कातड्यावर पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. चुना तोच, खरडणे तेच. पुढे बाभळीची साल आणि हिरडा. मेलेले जनावर ओढून नेणे महारांच्या माथी, कातडे कमावणे ढोरांच्या, जोडे शिवणे चांभारांच्या. एकाच कातड्यावर राबणाऱ्या तिघांतही गावाने उच्चनीच लावून दिले. जातीने श्रम नव्हे तर श्रमिकच वाटून टाकले, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवून दिले.

तिकडे हा छंद. वास तोच, पण शेजारी कौतुकाने पाहायला येतात. इकडे तोच वास माणसाला गावकुसाबाहेर ठेवण्यास पुरेसा ठरला!

विहारातल्या रविवारच्या वर्गात आम्ही हे मुलांना सांगू लागलो, तेव्हा एक माउली म्हणाल्या, “भाऊ, पोरांना हे कशाला सांगता? सुटलो ना आपण त्यातून?”

ताईंचे दुःख आम्ही जाणतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे बजावले आणि आपल्या माणसांनी ते ऐकले. ते योग्यच झाले, कारण त्या कामात निवड नव्हती, सक्ती होती. काम सोडले तर गावाचा बहिष्कार, आणि केले तरी सुटका नाही. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली.

म्हणून पालकांनो, मुलांना सांगा. आपल्या वाडवडिलांना हे काम करावे लागले, पण त्यांचे हात अडाणी नव्हते. चुना कातड्यावर काय करतो हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात येते. आपल्या माणसांना ते पुस्तकाआधी ठाऊक होते. लाज वाटायचीच असेल तर ती विटाळ मानणाऱ्यांना वाटू द्या. आपल्या मुलांना नको.

जयभीम!