कापसाची खोली काढ

जठारपेठ, अकोला

चि. मुग्धा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मिळालं. गोष्ट लगेच वाचून काढली. चित्रं मात्र दिवाणावर मांडून ठेवली आणि येता-जाता बघत राहिले. तुला नोकरी सोडून मुलांची पुस्तकंच करायची आहेत आणि तुझे बाबा ‘काहून?’ म्हणून अडून बसलेत, ते कळलं. त्याच्याशी मी बोलते. लहान भाऊ आहे माझा, ऐकेल.

माधुरी पुरंदरे पहिल्यापासून मुलांची पुस्तकंच करत असतील, असं तू गृहीत धरलंयस. तसं नाही गं. त्यांचा जन्म १९५२चा, वडील बाबासाहेब पुरंदरे. जे. जे.मध्ये त्या चित्रकला शिकल्या, मग पॅरिसला जाऊन ग्राफिक्स. परत आल्यावर पुण्यात कितीतरी वर्षं फ्रेंच शिकवलं. पिकासोचं चरित्र लिहिलं, बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ मराठीत आणलं. ‘तीन पैशाचा तमाशा’त त्या होत्या, आणि गाणं तर त्यांचं आहेच. ‘साजणवेळा’ मिळव कुठून तरी. ग्रेसच्या कविता, चंद्रकांत काळ्यांबरोबर माधुरीताईंचा आवाज, आणि चाली आपल्या अकोल्याच्या आनंद मोडकांच्या! मोडकही बँकेतली नोकरी सांभाळूनच चाली लावत होते, हे जरा लक्षात ठेव.

त्यांच्या आई निर्मलाताईंनी १९८१मध्ये ‘वनस्थळी’ सुरू केली, खेड्यातल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवणारी संस्था. माधुरीताईंचं मुलांसाठी लिहिणं त्या कामाच्या सोबतीनं वाढलं. म्हणजे चित्र, भाषा, नाटक, गाणं असं सगळं अंगात मुरल्यावर पुस्तकं आली. २०१४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार, २०१६चा बिग लिटल बुक अवॉर्ड, हे मी तुझ्या बाबाला सांगायला राखून ठेवलंय. तुझ्या कामाचं ते नाही. तुझ्या कामाचं आहे ‘बाबाच्या मिश्या’.

ते पुस्तक उघडून बस. अनू नावाच्या पोरीला बाबाच्या मिश्या आवडतात, संपली गोष्ट! राक्षस नाही, परी नाही, शेवटी कुणाला शहाणपण येत नाही. लिहिणारी आणि काढणारी एकच बाई असली की वाक्याला कुठे गप्प बसायचं ते कळतं. ‘चित्रवाचन’मध्ये तर पोरांनी चित्रावरून बोलत सुटावं, एवढीच अपेक्षा. शाळेत शिकवत असताना मी हे पाहिलंय. पाठ्यपुस्तकाचा धडा वाच म्हटलं की मान खाली घालणारी पोरं चित्रातल्या माणसांबद्दल भांडायला उठायची.

आता तुझं चौथं पान. ‘आजी लाल लुगडं नेसून ओसरीवर बसली होती,’ असं लिहिलंयस, आणि चित्रात आजी लाल लुगडं नेसून ओसरीवर बसलेली. मग वाचणाऱ्या पोरानं करायचं काय? ते वाक्य काढून टाक. चित्र चांगलं आहे, राहू दे.

घराचं चित्र मात्र अजिबात नको. धुराडं कुठून आलं त्याला? अचलपूरचं घर तू पाहिलेलं आहेस. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असायचा. तुम्ही सगळी पोरं मोठ्यांचा डोळा चुकवून त्यात उड्या मारायचात, मग रात्रभर अंग खाजवत बसायचात आणि आजी खोबरेल तेल चोळत शिव्या द्यायची. एवढं घरचं सोडून तू धुराडं काढलंस! माधुरीताईंचं ‘राधाचं घर’ शहरातलं, मध्यमवर्गीय. त्यांनी ओळखीचं घर काढलं, म्हणून राधाची आजी कुठल्याही पोराला आजी वाटते. आपण त्यांच्याकडून उसनं घ्यायचं ते बघणं, घर नाही. मला तर वाटतं, मराठी चित्रपुस्तकांत वऱ्हाड फार कमी दिसतं. मे महिन्यात कूलरच्या टाकीत बादलीनं पाणी ओतणारं पोरगं मी अजून कुठल्या पानावर पाहिलं नाही. तुला दिसलं असेल तर कळव.

आणि तुझ्या गोष्टीतली आजी ‘अगं, काय करते आहेस तू?’ असं विचारते. आपली आजी? ‘काय करून राहिली वं पोरी?’ असं म्हणेल ती. सगळं पुस्तक वऱ्हाडीत कर असं नाही म्हणत. निवेदन आहे तसं ठेव, पण माणसांची तोंडं त्यांना परत दे. प्रकाशक कुरकुर करतील, करू देत.

नोकरीचं म्हणशील तर एवढ्यात सोडू नकोस. हे मी तुझ्या बाबाच्या बाजूनं नाही लिहीत. चित्रांच्या मानधनावर अमरावतीत घरभाडं निघेल असं मला दिसत नाही. आणि माधुरीताईंनी फ्रेंच शिकवण्यात घालवलेली वर्षं वाया गेली, असंही त्यांच्या पुस्तकांकडे बघून वाटत नाही. शनिवार-रविवार आहेत, संध्याकाळी आहेत. आधी हे एक पुस्तक पुरतं कर.

कापसाची खोली काढून झाली की पोस्टानंच पाठव. मोबाइलवर रंग भलतेच दिसतात, आणि माझा चष्माही आता बदलायला झालाय. वहिनीला म्हणावं, ज्वारीच्या पापड्या संपल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर थोड्या पाठव.

तुझी,
आत्या