पांढरीची माती

शेताला काळी म्हणायचं आणि गावठाणाला पांढरी. माझ्या आजोळी, तेरला, पांढरी पायाखाली होती तशी डोक्यावरही होती. मृग लागण्याआधी माळवदावर नव्या मातीचा थर द्यावा लागे, नाहीतर पावसाळाभर घर गळे. गावाभोवती जुन्या वस्तीची टेकाडं आहेत. तिथली पांढरी माती अण्णा, म्हणजे माझे आजोबा, बैलगाडीनं आणत. पाटीत माती भरून द्यायचं काम आम्हा नातवंडांकडे असे.

आठ-नऊ वर्षांचा असताना मला त्या मातीत एक मणी सापडला. लालसर, गुळगुळीत, आरपार भोक असलेला. मी ढेकळं फोडत बसलो तशी अण्णांची हाक आली, "काय हुडकायलास रं?" मणी दाखवला. त्यांनी तो धोतराला पुसला, उन्हात धरून बघितला. "पाऊस पडून गेला की असले लई सापडत्यात. पर टाकून देऊ नगंस."

टाकून देऊ नये, हे तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी शिकवलं. गावातल्याच या माणसानं मातीतून निघालेलं खापर, मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या आयुष्यभर गोळा केल्या. आज गावात त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिथली छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मी कितीदा पाहिली असेल! तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती 1938 मध्ये इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडली. हे कळलं त्या दिवशी मी काचेसमोरून हललोच नाही.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथलं कापड, मलमल गाड्यांतून भडोच बंदराला येतं. ते तगर म्हणजे आमचं तेर. पुढं कोकणातले शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. गाव मात्र हे बिरूद मिरवत नाही. गावाला अभिमान आहे तो संत गोरा कुंभारांचा, म्हणजे गोरोबाकाकांचा. मला तेच योग्य वाटतं.

तेरणेच्या काठी काकांची समाधी आहे. शके 1239, चैत्र वद्य त्रयोदशी. चैत्रात तिथं यात्रा भरते, दिंड्या येतात आणि घराघरातून पाहुण्यांची पंगत उठते. संतमेळ्यात वयानं वडील म्हणून ते सगळ्यांचे काका. संतांमध्ये कच्चं मडकं कोणतं, हे डोक्यावर थापटण्यानं ठोकून पाहणाऱ्या काकांची गोष्ट आजी सांगायची तेव्हा आम्ही एकमेकांच्या डोक्यावर टकटक करायचो. नामदेव कच्चे ठरले, रुसले, मग गुरूकडे गेले, इथवर आली की ती थांबायची आणि पदरानं डोळे टिपायची. हे गाव मातीकामाचंच. उत्तरेश्वराच्या जुन्या देवळातल्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात. त्रिविक्रमाच्या देवळाचा हत्तीच्या पाठीसारखा गोल गाभाराही विटांचाच. ते मुळात बौद्ध चैत्य असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. गावकरी तिथं विष्णूला हात जोडतात आणि सावलीला बसतात.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. चारच्या सुमारास जमीन हादरली. किल्लारी, सास्तूरकडे दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीनं जड झालेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारोंनी जीव गमावला. आमच्या घराला नुसत्या भेगा पडल्या. पण जी माती पावसापासून राखत होती, तिच्याखाली आता कुणाला झोप येईना. आजी कितीतरी रात्री अंगणातच निजली.

दिवाळीनंतर मामांनी माळवद उतरवायला काढलं. मी सुट्टी काढून गेलो. वर्षानुवर्षं एकावर एक चढलेले थर होते. खोरं मारलं की पापुद्र्यासारखे सुटत. त्यात खापऱ्या होत्या, शंखाच्या बांगडीचा तुकडा होता. मामी ते वेगळं काढून सुपात ठेवत होती. माती कुठं टाकायची, असं मी विचारलं.

"टाकायची कशाला?" मामा म्हणाले, "जिथनं आणली तिथं नेऊन ठिवायची."

पहिली खेप भरली. अण्णा आता थकले होते, तरी काठी टेकत गाडीमागं निघाले.